गेम ऑफ थ्रोन्सच्या शेवटावरून भांडायचंय ना, मग असं भांडा

(आठही सीझनचे स्पॉइलर आहेत. बघून झालं नसेल तर इथूनच मागे फिरा, पहिल्यांदा बघण्यातली मजा परत मिळत नाही.)

शेवटचा एपिसोड अमेरिकेत १९ मे २०१९ ला लागला आणि अजूनही आमच्या ग्रुपवर कोणी नुसतं "ब्रॅन कसा काय राजा?" एवढं टाकलं की सगळ्यांच्या झोपा उडतात. मला हे वाद मनापासून आवडतात, खोटं कशाला बोलू, पण बहुतेक वाद वाया जातात कारण एकजण एका गोष्टीबद्दल तावातावाने बोलत असतो, दुसरा भलत्याच गोष्टीबद्दल, आणि दोघांनाही वाटत असतं की समोरच्याला काही कळतच नाहीये. इतक्या वर्षांत भांडून भांडून मला जे उपयोगी पडलं ते लिहून ठेवतोय.

पहिलं काम म्हणजे समोरच्याला विचारायचं, की बाबा तुझं नक्की काय म्हणणं आहे, शेवट आवडला नाही, पटला नाही, का गुंडाळला? आपण हे तिन्ही शब्द एका दमात बोलून जातो पण ही तीन वेगळी भांडणं आहेत. जॉनने डॅनेरिसला मारलं आणि तुम्ही दोन दिवस सुन्न होतात, तर ते "आवडलं नाही", त्यात कोणी तुम्हाला चूक ठरवू शकत नाही आणि त्यावर वाद घालायलाही जाऊ नये, दुःख झालंय ते झालंय. "पटलं नाही" म्हणजे अमुक माणूस असं वागेल हेच मान्य नाही, इथे खरा वाद होऊ शकतो कारण त्या माणसाचं मागचं सगळं वागणं पडद्यावर आहे, काढून दाखवता येतं. आणि "गुंडाळला" म्हणजे जे झालं ते होऊ शकलं असतं पण तिथपर्यंत आम्हाला नीट चालत नेलं नाही, शेवटी शेवटी हाताला धरून ओढत नेलं. एकदा का कोणता शब्द ते ठरलं की निम्मी आरडाओरड आपोआप खाली येते. आणि एकाच माणसाची तीन कॅरेक्टर्सबद्दल तीन वेगळी उत्तरं असू शकतात, माझी आहेतच, डॅनेरिसचं गुंडाळलं, ब्रॅनचं पटलं नाही, आणि जॉन परत भिंतीपलीकडे गेला ते मला आवडलं, तिथे मला काहीच तक्रार नाही.

यातलं "गुंडाळला" सगळ्यात सोपं, कारण ते चक्क मोजता येतं. पहिले सहा सीझन प्रत्येकी १० एपिसोडचे, सातवा ७ चा, आठवा ६ चा, सगळे मिळून ७३. म्हणजे शेवटच्या दोन सीझनचे मिळून १३ एपिसोड, आणि त्या १३ मध्ये नाइट किंगचं युद्ध, जॉनचं खरं नाव, सर्सीचा शेवट, डॅनेरिसचं सगळं, नवा राजा. एपिसोड लांब केले होते हे खरंय, नाइट किंगच्या लढाईचा तर ८२ मिनिटांचा आहे, पण लांबीने तेच काम होत नाही, कारण कॅरेक्टर बदलायला मध्ये वेळ गेल्यासारखा वाटावा लागतो. एक उदाहरण तोंडपाठ ठेवा. पहिल्याच एपिसोडमध्ये रॉबर्ट राजा विंटरफेलला येतो आणि आल्या आल्या लियानाच्या समाधीवर जायचं म्हणतो तेव्हा सर्सी वैतागून म्हणते की महिनाभर प्रवास करतोय आपण, मेलेली माणसं थोडी थांबतील. एक महिना! त्या एका वाक्यात ते राज्य केवढं मोठं आहे ते कळतं. आणि सातव्या सीझनच्या सहाव्या एपिसोडमध्ये गेंड्री बर्फातून पळत भिंतीपर्यंत येतो, तिथून कावळा ड्रॅगनस्टोनला जातो, आणि डॅनेरिस ड्रॅगन घेऊन पार भिंतीपलीकडे येऊन पोचते, तोवर जॉन आणि मंडळी गोठलेल्या तळ्यातल्या त्याच खडकावर अडकलेली. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली की गुंडाळलं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही, तुमचा शेवट आवडणारा मित्रपण इथे मान डोलावतो.

आता डॅनेरिस. यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि सगळ्यात वाईट पद्धतीने होतात, म्हणजे एकजण म्हणतो "ती पहिल्यापासून वेडीच होती" आणि दुसरा म्हणतो "अचानक वेडी केली", आणि दोघंही तेच तेच बोलत राहतात. इथे करायचं काय, तर दोघांनीही विरुद्ध बाजूचे पुरावे शोधायचे. ज्याला वाटतं की अचानक झालं त्याने आधीच्या सीझनमधून तिच्या क्रूरपणाच्या तीन जागा काढून आणायच्या, आणि ज्याला वाटतं की पहिल्यापासूनच होतं त्याने तिच्या दयेच्या तीन जागा. हे करून बघा खरंच, चित्र पालटतं.

क्रूरपणाच्या बाजूला सापडतं ते असं. चौथ्या सीझनमध्ये मीरीनच्या वाटेवर १६३ गुलाम मुलांना खिळे ठोकून मारलेलं असतं म्हणून ती शहर घेतल्यावर तितक्याच मालकांना तसंच ठोकते, तिचा सल्लागार बॅरिस्टन तिला सांगतो की अन्यायाला दयेने उत्तर देणं बरं असतं, ती ऐकत नाही. आपण तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, मी तरी वाजवल्या होत्या. आणि मग दोनच एपिसोड पुढे मीरीनमधल्या बड्या घरातला हिझदार तिच्यासमोर येतो आणि सांगतो की माझे वडील त्या मुलांना मारायच्या विरोधात बोलले होते, त्यांनाही तुम्ही ठोकलंत, आता निदान प्रेत तरी खाली काढू द्या. तो सीन परत बघा, तिचा चेहरा बघा. मालिकेने आपल्याला तिथेच सांगून ठेवलं होतं की ही न्याय करताना माणूस माणूस बघत नाही, सरसकट करते. याच्यापुढे पाचव्या सीझनमध्ये एका मालकाला ड्रॅगनसमोर टाकणं आणि सातव्यात टार्ली बापलेकाला जाळणं हे आहेच.

आणि दयेच्या बाजूला? चौथ्या सीझनच्या शेवटी एक बाप आपल्या मुलीची जळलेली हाडं कापडात गुंडाळून तिच्यासमोर ठेवतो, ड्रोगॉनने मारलेली, आणि ती स्वतः जाऊन उरलेल्या दोन ड्रॅगनना साखळदंडाने बांधते, ते मागून ओरडत असतात आणि ती रडत रडत दार बंद करून घेते. आणि सातव्याच्या दुसऱ्या एपिसोडमध्ये यारा आणि एलारिया तिला किंग्ज लँडिंगवर थेट हल्ला करायला सांगत असतात तेव्हा ती साफ म्हणते की मला राखेची राणी व्हायचं नाहीये. हे वाक्य आणि शहराची राख यांच्यात फक्त दहा एपिसोड आहेत, मोजून घ्या.

माझं मत विचाराल तर बी पेरलेलं होतं, नक्की होतं, दुसऱ्या सीझनच्या शेवटी तिला जो भास होतो त्यात सिंहासनाच्या दालनाचं छप्पर उडालेलं असतं आणि वरून पांढरं काहीतरी पडत असतं, आपण सगळ्यांनी तेव्हा तो बर्फ समजला. पण पेरणं वेगळं आणि उगवताना दाखवणं वेगळं. जोरा मेला, रेगाल मेला, मिसांडेचं डोकं उडवलं, जॉन दूर झाला, हे सगळं तीन एपिसोडच्या आत, एकेका धक्क्यावर तिला घडीभर बसूसुद्धा दिलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी माझ्या तिसऱ्यांदा बघताना लक्षात आली, आठव्याच्या पाचव्या एपिसोडमध्ये शरणागतीच्या घंटा वाजतात, ती ड्रोगॉनवर बसून तटावरून लाल किल्ल्याकडे बघत असते, चेहरा पिळवटतो, ती उडते, आणि तिथून पुढे पूर्ण एपिसोडभर तिचा चेहरा आपल्याला एकदाही दाखवत नाहीत. एकदाही नाही. नंतर सगळं खालून, रस्त्यावरून, पळणाऱ्या माणसांच्या बाजूने, आर्याच्या बाजूने, वर फक्त ड्रॅगनचं पोट आणि आग. एका अर्थाने हे फार भारी आहे कारण जळणाऱ्या माणसाला वरचीचा चेहरा दिसत नाहीच. पण आठ सीझन जिच्या बरोबर चाललो तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या निर्णयाला आपल्याला तिच्याजवळ उभंच राहू दिलं नाही, म्हणून अनेकांना ते "अचानक" वाटलं. वाद घालताना ही एक गोष्ट सांगून बघा, दोन्ही बाजूची माणसं गप्प होऊन विचार करायला लागतात.

यातूनच पुढचा मुद्दा, आठवणीवर भांडू नका, सीन लावा. आठवण फार फसवते. माझं आणि ताईचं जेमीवरून दोन वर्षं वाजत होतं. माझं म्हणणं असं की ज्या माणसाने अख्खं शहर वाचवायला स्वतःच्या राजाला मारलं, आयुष्यभर राजहत्यारा म्हणून थुंकून घेतलं, तो शेवटी टिरियनला म्हणतो की मला त्या लोकांचं कधीच काही पडलेलं नव्हतं, हे कसं चालेल? ताई म्हणायची, अरे तो पहिल्यापासून सर्सीकडेच परत जाणारा माणूस आहे, तुला तो चांगला व्हायला हवा होता म्हणून तू तसा बघितलास. शेवटी एकदा आम्ही तिसऱ्या सीझनचा पाचवा एपिसोड लावला, तो गरम पाण्याच्या हौदातला सीन, हात तुटलेला, ताप चढलेला, ब्रिएनसमोर पहिल्यांदा खरं सांगतो तो. ताईने मध्येच थांबवलं आणि म्हणाली परत मागे घे. तिथे तो ब्रिएनला विचारतो की तुझ्या लाडक्या रेनलीने तुला सांगितलं असतं की स्वतःच्या बापाला मार आणि हजारो लोक जळताना बघत उभी राहा, तर तू ते केलं असतंस का? ताई म्हणाली, "ऐकलंस? आधी बाप, मग लोक."

मी हा सीन किती वेळा बघितलाय आणि मला तो क्रम कधी ऐकूच आला नव्हता. माझी तक्रार पूर्ण गेली नाही, ते "कधीच काही पडलेलं नव्हतं" वालं वाक्य मला अजून खोटं वाटतं, मला वाटतं तो टिरियनशी खोटं बोलतोय, पण तो सर्सीच्या मिठीत मरतो ते मला आता पटतं. आणि ताईनेही एक मान्य केलं, की त्याच सीनच्या शेवटी ब्रिएन मदतीला हाक मारताना त्याला राजहत्यारा म्हणते आणि तो अर्धवट शुद्धीत म्हणतो की माझं नाव जेमी आहे, त्या माणसाला अजून थोडी जागा द्यायला हवी होती. दोन वर्षांचं भांडण दहा मिनिटांत कुठच्या कुठे गेलं.

सीन लावताना एक व्यवहारातली गोष्ट. नाइट किंगच्या लढाईवर बोलायचं असेल तर आधी खोलीतले दिवे घालवा, टीव्हीचा ब्राइटनेस नीट लावा, मोशन स्मूदिंग (हालचाल उगाच गुळगुळीत करणारं टीव्हीचं सेटिंग) बंद करा, आणि नेट इतकं असू द्या की चित्र चौकोनी चौकोनी फुटणार नाही. तो एपिसोड मुद्दाम अंधारात ठेवलाय, बाहेरचं शूटिंगच ५५ रात्री चाललं होतं, पण काळ्या रंगात स्ट्रीमिंगचं कॉम्प्रेशन सगळ्यात आधी उघडं पडतं, त्यामुळे कित्येकांनी ती लढाई बघितलीच नाहीये, नुसती ऐकलीय. मग आर्याने त्याला मारलं ते पटलं की नाही यावर बोला. तिथेही पुरावा आहे, तिसऱ्या सीझनमध्ये मेलिसांड्रे तिला सांगते की तू तपकिरी, निळे, हिरवे डोळे कायमचे मिटवशील, आणि आठव्यात तेच परत म्हणते तेव्हा निळे सगळ्यात शेवटी घेते. ज्यांना ही तयारी आधीपासूनची वाटते त्यांनी हेही बघावं की तिसऱ्यात निळे मधेच कुठेतरी होते, म्हणजे जोर नंतर दिलाय. मला स्वतःला आर्याचं चालतं, पण जॉन आणि नाइट किंग समोरासमोर येतील म्हणून पाचव्या सीझनमधल्या हार्डहोमच्या लढाईपासून वाट बघणाऱ्यांचं वाईट वाटणं मी समजू शकतो.

ब्रॅनवर वाद घालणार असाल तर दोन गोष्टी आधी कबूल करून टाका म्हणजे वेळ वाचेल. एक, तो राजा होणं ही मूळ लेखक मार्टिन यांच्याकडूनच आलेली कल्पना आहे, ब्रॅनचं काम करणाऱ्या आयझॅक हेम्पस्टेड राइटने ते सांगितलंय, म्हणजे शोरनरनी (मालिका चालवणाऱ्या मुख्य लेखकांनी) आयत्या वेळी चिठ्ठी उचलली असं नाहीये. दोन, तेवढ्याने ती मालिकेत आपोआप पटत नाही, कारण पाचव्या सीझनमध्ये ब्रॅन पूर्ण गायब आहे, एकही एपिसोड नाही. सातव्याच्या तिसऱ्या एपिसोडमध्ये तो सान्साला स्वतः सांगतो की मी विंटरफेलचा किंवा कशाचाच लॉर्ड होऊ शकत नाही, मी तीन डोळ्यांचा कावळा आहे. आठव्यात टिरियनला म्हणतो की मला आता काही हवंसं वाटतच नाही. आणि शेवटी राजा होशील का विचारल्यावर म्हणतो, नाहीतर एवढ्या लांब कशाला आलो असतो! एकतर मध्ये त्याला काहीतरी दिसलं, किंवा तो आधी खोटं बोलला, किंवा त्याला सगळं माहीत असून त्याने शहर जळू दिलं. तिन्ही शक्यता एकाहून एक भारी आहेत आणि मालिका त्यातल्या एकीलाही हात लावत नाही, टिरियन गोष्टींच्या ताकदीवर एक भाषण देतो आणि हात वर होतात. सान्सा उत्तरेचं राज्य वेगळं मागते ते मिळतं, तेव्हा आयर्न आयलंड्सची यारा, जिने स्वातंत्र्यासाठीच डॅनेरिसशी हात मिळवला होता, ती शेजारी बसून एक शब्द बोलत नाही. इथे "पटलं नाही" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, माझ्याकडून लिहून घ्या.

काही गोष्टी वादात आणूच नका, त्यांनी काही सिद्ध होत नाही. सीझन परत बनवा म्हणून १० लाखांहून जास्त लोकांनी पिटिशनवर सही केली, आणि त्याच सीझनला ३२ एमी नामांकनं आणि बेस्ट ड्रामा धरून १२ एमी मिळाले. दोन्ही खरं. एकाने कळतं की लोक चिडले होते, दुसऱ्याने कळतं की इंडस्ट्रीतल्या लोकांनी मतं कशी दिली, ब्रॅन राजा का झाला ते दोन्हीतून कळत नाही. शोरनरच्या मुलाखतींचंही तेच. डेव्हिड बेनिऑफ एपिसोडनंतरच्या व्हिडिओत म्हणाले होते की डॅनी युरॉनचं आरमार जरा विसरलीच, त्यावर लोक आजपर्यंत तुटून पडतात, पण वाद घालायचा तर पडद्यावर काय आहे त्यावर घाला, रेगाल मरतो त्या सीनमध्ये आकाशातून उडणाऱ्या बाईला खाली समुद्रातली जहाजं दिसत नाहीत एवढंच पुरेसं आहे, मुलाखतीची गरजच काय. आणि आठव्याच्या चौथ्या एपिसोडमध्ये टेबलावर राहून गेलेला तो कॉफीचा कप, प्लीज, तो आता सोडा.

पुस्तकवाल्यांशी बोलताना थोडं सांभाळून. त्यांचं वाचन जास्त असतं आणि बारकावे खरंच चांगले सांगतात, ऐकून घ्या. पण पहिलं पुस्तक १९९६ चं आणि पाचवं जुलै २०११ चं, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षीचं, सहावं अजून यायचंय. त्यामुळे "पुस्तकात शेवट असा आहे" हे वाक्य कोणी बोललं तर प्रेमाने थांबवा, कारण पुस्तकात शेवट अजून नाहीये. मार्टिन यांनी शोरनरना ठळक टप्पे सांगितले होते, तिथपर्यंतचा रस्ता सांगितला असं नाही, आणि आपलं अर्धं भांडण रस्त्याबद्दलच आहे ना.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, कलाकारांना शिव्या घालू नका. ज्या एमिलिया क्लार्कच्या कॅरेक्टरवर आपण एवढं बोलतोय तिने मार्च २०१९ मध्ये लिहिलं होतं की मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांत तिला दोनदा मेंदूत अन्युरिझमला (रक्तवाहिनी फुगण्याच्या जीवघेण्या आजाराला) तोंड द्यावं लागलं. आणि शेवटावर सगळ्यात जास्त चिडलेल्या फॅन्सनीच त्याच मे महिन्यात मेंदूला इजा झालेल्यांना मदत करणाऱ्या तिच्या सेमयू या संस्थेसाठी पैसे गोळा केले. हे मला त्या सगळ्या गदारोळातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

वाद अडकला, तेच तेच चाललंय, असं वाटलं की एक खेळ खेळा. प्रत्येकाने आपला शेवट सांगायचा पण अट अशी की सहाव्या सीझनपर्यंतचं काहीही बदलायचं नाही आणि एपिसोड तेवढेच, १३. ज्याला जास्त हवेत त्याने सांगायचं नक्की कुठे आणि कोणासाठी. हे करायला बसलं की लगेच कळतं की डॅनेरिसला दोन एपिसोड दिले तर नाइट किंगचे कापावे लागतात, आणि नाइट किंगला सगळ्यात शेवटी ठेवलं तर सर्सीचं काय करायचं. मी स्वतः तीनदा लिहून काढलाय माझा शेवट आणि तिन्ही वेळा सर्सी खिडकीत नुसती उभी राहिली, तिला करायला काही देताच आलं नाही मला, तेव्हापासून लिहिणाऱ्यांवरचा माझा राग जरा निवळलाय, तक्रार तशीच आहे.

आणि बसताना सुरुवात आठव्याच्या दुसऱ्या एपिसोडपासून करा. लढाईच्या आदल्या रात्री शेकोटीजवळ बसलेली माणसं, टॉर्मुंड विचारतो बाई नाइट का होऊ शकत नाही, आणि जेमी उठून ब्रिएनला गुडघ्यावर बसायला सांगतो. तलवार खांद्याला लागते, ती उठते, आणि आठ सीझनमध्ये पहिल्यांदा तशी हसते. त्या सीनवर आमच्या ग्रुपमध्ये आजपर्यंत कोणाचंच भांडण झालेलं नाही. तो बघून झाला की पाचवा लावा, आणि घंटा वाजायला लागल्या की पॉज करून पहिला प्रश्न विचारा, आवडलं नाही, पटलं नाही, का गुंडाळलं?